बिशप मातेउस द कास्त्रो : दोन घरांची हकीकत

आमच्या वाचकांपैकी जे कोणी कोल्हापुराहून आंबोलीचा घाट उतरून गोव्यास जाऊन आले असतील, त्यांनी जुने गोवे हे ठिकाण बहुधा पाहिले असेल. मांडवी नदीच्या काठी, माडांच्या बागांत, मोठमोठी ख्रिस्ती मंदिरे उभी आहेत. परंतु त्यांच्या भोवती शहर म्हणून काही उरलेले नाही. त्यांतील से नावाच्या मुख्य मंदिराच्या बांधकामास १५६२ साली आरंभ झाला व १६१९ साली ते बहुतेक पुरे झाले. हे मंदिर आणि फ्रान्सिस्कन साधूंचे मंदिर यांच्या दरम्यान जांभ्या दगडाची, चुन्याचा गिलावा केलेली, कौलारू छपराची एक इमारत आहे. प्रवासी मंदिरांतील सोनेरी वेद्या पाहून जातात. या इमारतीपुढे फारसे कोणी थांबत नाही. हाच गोव्याच्या आर्चबिशपांचा जुना वाडा होय. ज्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही सांगणार आहो, त्यांस या वाड्याने कधी आपले म्हटले नाही. म्हणून त्यांचे चरित्र समजावयाचे तर हा वाडा म्हणजे काय होता, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

युरोपात मध्ययुगापासून अशी रीत होती की, बिशपांचे शहरातील घर हे केवळ राहण्याचे घर नसे. लंडन शहराजवळ थेम्स नदीच्या तीरी लॅम्बेथ येथे कँटरबरीच्या आर्चबिशपांचा वाडा आहे. तो सुमारे आठशे वर्षे त्यांच्याकडे चालत आला आहे, आणि जॉन विक्लिफ यांस आपल्या शिक्षणाविषयी जाब देण्याकरिता १३७८ साली तेथेच उभे राहावे लागले. अशा वाड्यात दिवाणखाना असे, प्रार्थनेची खोली असे, मंडळीचे दप्तर असे आणि न्यायासनही असे. आपल्या खेड्यात पाटलाचा वाडा आणि गावची चावडी ही एकाच छपराखाली आणिली तर जे होईल, त्याचेच ते मोठे रूप समजावे. कोणाचे लग्न कायदेशीर, कोणाचा दोष क्षम्य, कोणास दीक्षा द्यावयाची व कोणास परत पाठवावयाचे, हे सर्व तेथे ठरे. पोर्तुगेज लोकांनी ही रीत आपल्याबरोबर गोव्यास आणिली. गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार कागदोपत्री आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन व जपान येथपर्यंत पोहोचत असे. तेव्हा या घराच्या उंबऱ्यावर जे ठरे ते लहान नव्हते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

या वाड्यापासून नदीपलीकडे पाहिले तर दिवाडी नावाचे बेट दिसते. आजही जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून तरीने तेथे जाता येते. या बेटावर पूर्वी कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे देवालय होते. सोळाव्या शतकात पोर्तुगेजांच्या अमलात ते पाडण्यात आले, आणि तेथील लिंग भक्तांनी नदीपलीकडे दिचोली महालातील नार्वे गावी नेले. बेटावरील पुष्कळ घराणी ख्रिस्ती झाली. हे सर्व केवळ अंतःकरणाच्या पालटाने झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यात राजसत्तेचा दाब होता, हे इतिहास स्पष्ट सांगतो. परंतु ज्या धर्मात बाप दाबाने आला, त्यात मुलगा मनापासून राहू शकतो, हेही तितकेच खरे आहे. अशाच एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यात, दिवाडीवरील नावेली गावी, सुमारे १५९४ साली मातेउस द कास्त्रो यांचा जन्म झाला.

बारदेश प्रांतात मांडवीच्या मुखाशी रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन साधूंचे विद्यालय होते. तेथे मातेउस यांचे शिक्षण झाले. मुलगा बुद्धिवान होता, आणि आपण पाद्री होऊन देवाची सेवा करावी अशी त्याची इच्छा होती. त्या काळी काही थोड्या एतद्देशीय ख्रिस्ती लोकांस दीक्षा मिळाली होती, नाही असे नाही. परंतु त्यांच्याकडे हलकी कामे देण्यात येत, आणि मोठ्या मंडळ्यांची दारे त्यांस बंद असत. मातेउस यांनी अर्ज केला तेव्हा दों क्रिस्तोवाव द सा ए लिस्बोआ हे आर्चबिशप होते. या देशच्या माणसास दीक्षा द्यावयाची नाही, असा त्यांचा निग्रह होता. वाड्यातून नकार आला. या माणसाचे ज्ञान कमी, की आचरण वाईट, हा प्रश्नच नव्हता. तो कोणत्या भूमीत जन्मला एवढेच पाहिले गेले.

अशा वेळी दुसरा कोणी गप्प बसला असता, किंवा रागाने धर्म सोडून गेला असता. मातेउस यांनी दोन्ही केले नाही. वाड्याच्या वरचा वाडा कोठे आहे याचा त्यांनी विचार केला, आणि १६२५ साली ते रोम शहरी जाऊन पोहोचले. तो प्रवास म्हणजे आजच्यासारखा काही तासांचा नव्हता. त्यात महिनेच्या महिने जात, आणि निघालेला मनुष्य परत येईल याची खात्री घरच्यांस नसे.

रोममध्ये त्या वेळी वारा फिरू लागला होता. पूर्वेकडील देशांत बिशप नेमण्याचा व मंडळ्या चालविण्याचा हक्क पोपांनी पूर्वी पोर्तुगालच्या राजास देऊन टाकिला होता. त्यामुळे तेथील सुवार्तेचे काम राजाच्या सोयीने चाले. हे मोडावे, आणि ज्या त्या देशातील माणसे शिकवून त्यांच्याच हाती मंडळ्या द्याव्या, या विचाराने १६२२ साली रोममध्ये सुवार्ताप्रसाराचे एक खाते स्थापण्यात आले होते. त्या खात्याचे चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हे या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. दिवाडीचा हा तरुण त्यांच्यापुढे उभा राहिला, तेव्हा आपल्या म्हणण्याचा जिवंत पुरावाच चालून आला असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. मातेउस यांनी तेथे अभ्यास केला, आणि पाच-सहा वर्षांत त्यांस पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. जे आपल्या नदीच्या काठी मिळाले नाही, ते समुद्रापलीकडे मिळाले.

१६३३ च्या सुमारास ते गोव्यास परत आले. हाती रोमचे अधिकारपत्र होते. परंतु गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्या पत्रांस मान दिला नाही. ती खरी कशावरून, आणि आमच्या राजाच्या संमतीवाचून आली कशी, असे प्रश्न निघाले. मातेउस यांस काम करू देण्यात आले नाही. तेव्हा त्यांनी पुन्हा रोमची वाट धरिली. या वेळी तेथील वरिष्ठांनी पूर्वी कोणी कल्पिले नसेल असे पाऊल टाकिले. १६३७ साली मातेउस यांस बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. रोमन मंडळीच्या लॅटिन पंथात बिशप झालेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत.

येथे वाचकांस प्रश्न पडेल की, बिशप केले तर गादी कोणती दिली? गोव्याची गादी देता येत नव्हती. ती पोर्तुगालच्या राजाच्या हाती होती. म्हणून त्यांस क्रिसोपोलिस या प्राचीन व नामशेष झालेल्या स्थानाचे नुसते नाव देण्यात आले, आणि पोपांचे प्रतिनिधी म्हणून विजापूरच्या आदिलशाही मुलखावर नेमण्यात आले. त्या वेळी विजापुरी महंमद आदिलशाह राज्य करीत होता, ज्याची कबर आज गोलघुमट म्हणून प्रसिद्ध आहे. आपला पन्हाळाही तेव्हा आदिलशाहीतच होता; तो शिवाजी महाराजांनी प्रथम घेतला १६५९ साली. म्हणजे कागदावर पाहता, आज आमचे वाचक ज्या गावांत राहतात त्यांतील पुष्कळ गावे या हिंदी बिशपांच्या नेमणुकीत येत होती. आपल्या पूर्वजांस त्यांचे नावही कधी ऐकू आले नसेल. तरी ही गोष्ट आपणास अगदीच परकी नाही.

मातेउस यांनी आपले ठाणे दिचोली येथे केले. कोल्हापुराकडून सावंतवाडी व दोडामार्ग या वाटेने गोव्यात शिरले म्हणजे हे गाव लागते. त्या काळी ते आदिलशाही हद्दीत होते, आणि जुने गोवे तेथून थोड्याच कोसांवर, नदीपलीकडे होते. ही जागा निवडण्यात त्यांचा हेतू उघड होता. पोर्तुगेज शिपायांचा हात तेथे पोहोचत नव्हता. परंतु गोव्याच्या बेटांतील व बारदेशातील तरुण होडीत बसून तेथे येऊ शकत होते. ज्या दिशेने एके काळी दिवाडीवरील देव नेण्यात आला होता, त्याच दिशेने आता दिवाडीचा हा ख्रिस्ती बिशप गेला. दोघांसही बेटावर जागा राहिली नव्हती, आणि दोघांसही मुसलमान राजाच्या मुलखात आसरा मिळाला. इतिहासातील ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दिचोलीस बिशपांचे घर झाले, उपासना सुरू झाली; आणि वाड्याने ज्यांस परत पाठविले होते असे लोक तेथे येऊ लागले. मातेउस यांनी त्यांच्यापैकी काहींस दीक्षा दिली. यावरून नदीच्या अलीकडे मोठा क्षोभ झाला. ही दीक्षा खरी नव्हे, हे लोक पुरेसे शिकलेले नाहीत, हा बिशप आमच्या हद्दीत लुडबूड करितो, अशा तक्रारी गोव्याहून लिस्बनला आणि लिस्बनहून रोमला गेल्या. गोव्यातील काही थोर म्हणविणाऱ्या पाद्र्यांनी त्यांच्या वर्णावरून जे हीन शब्द कागदावर उतरविले, ते आम्ही येथे छापू इच्छीत नाही. ज्यांनी प्रीतीचा उपदेश करण्याकरिता घरदार सोडिले, त्यांच्या लेखणीतून असे शब्द निघावे, ही लाजेची गोष्ट आहे. मातेउस मधल्या काळात पुन्हा रोमला जाऊन आले. हबसाण देशाच्या कामावरही त्यांची नेमणूक झाली. परंतु त्या राज्याने रोमन पाद्र्यांस आपल्या सीमा बंद केल्या होत्या, म्हणून तेथे त्यांचे काही चालले नाही. शेवटी त्यांस दिचोलीकडेच यावे लागले.

आतापर्यंत आम्ही जे सांगितले त्यावरून वाचक मातेउस यांच्या बाजूस झुकले असतील, आणि आम्हीही झुकलो आहो. परंतु चरित्र लिहिणाऱ्याने दोष झाकणे बरे नव्हे. १६५३ साली त्यांनी गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांस उद्देशून ब्राह्मणांचा आरसा या अर्थाच्या नावाचा एक लेख लिहिला. त्यात पोर्तुगेजांच्या जुलमाविरुद्ध त्यांनी आपल्या ज्ञातीस जागे होण्यास सांगितले. अन्यायाविषयी त्यांचा संताप खरा होता. पण तो आरसा त्यांनी सर्व देशी ख्रिस्ती जनांपुढे धरिला नाही; तो धरिला एका जातीपुढे. ज्यांस त्यांनी पुढे आणिले तेही प्रायः त्यांच्याच जातीचे. शेतात राबणारा कुणबी, मासे धरणारा खारवी, गावाच्या कडेस राहणारा अस्पृश्य म्हणून गणलेला ख्रिस्ती, यांच्याकरिता त्या लेखात काय होते? ज्या मापाने आर्चबिशपांनी मातेउस यांस मोजिले ते माप जन्माचे होते. दुःखाची गोष्ट ही की, मातेउस यांनी ते माप मोडून टाकिले नाही. ते आपल्या हाती घेतले मात्र.

दुसरा दोष राजकारणाचा. १६५४ साली आदिलशाही फौज बारदेश व साष्टी या प्रांतांवर चालून आली. ती स्वारी मातेउस यांच्या चिथावणीने झाली, आणि डच लोकांशीही त्यांचे सूत होते, असा आरोप पोर्तुगेजांनी केला. शत्रूंनी केलेला प्रत्येक आरोप खरा मानण्याचे कारण नाही. तथापि ज्या बिशपांचे घर एका राजाच्या आश्रयाने दुसऱ्या राजाच्या हद्दीवर उभे आहे, त्यांस तलवारीच्या भाषेपासून दूर राहणे फार कठीण असते. गोव्याचा वाडा पोर्तुगेज राजाच्या खांबांवर उभा होता. दिचोलीचे घर विजापूरच्या खांबांवर. ज्या चुकीविरुद्ध मातेउस झगडले, तिची सावली त्यांच्याही अंगणात पडली.

१६५८ च्या सुमारास ते शेवटचे रोमला गेले, आणि तेथून पुन्हा स्वदेशी आले नाहीत. आयुष्याची अखेरची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी परदेशात काढिली. वय झाले होते; ज्या नदीच्या काठी जन्म झाला ती पुन्हा दिसण्याची आशा राहिली नव्हती. सुमारे १६७७ साली, वयाच्या ऐंशीनंतर, रोम येथेच त्यांचा अंत झाला.

आता त्या दोन घरांचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. जुन्या गोव्यात रोगराई माजली, व्यापार गेला, लोक शहर सोडून जाऊ लागले. व्हाइसरॉयांनी आपले ठाणे प्रथम पणेली येथे व नंतर १७५९ साली पणजी येथे नेले, आणि १८४३ साली पणजी हीच राजधानी ठरली. ओसाड घरांचे दगड काढून नेऊन दुसरीकडे बांधकामे झाली. आर्चबिशपांनीही तो वाडा सोडिला. त्यांचे आजचे घर पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आहे. १७७६ साली से मंदिराचा एक मनोरा पडला, तो पुन्हा बांधण्यात आला नाही. मंदिरे व मठ यांस १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि जुना वाडा त्यांच्या सावलीत अजून उभा आहे. जेथे हजारो लोकांचे भवितव्य ठरे, तेथे आता कोणी नकार घेऊन बाहेर पडत नाही.

दिचोलीवरूनही पुष्कळ राज्ये गेली. आदिलशाही गेली, मराठ्यांचा अंमल आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा बांधविले. पुढे सावंतवाडीकरांचा अंमल झाला, आणि १७८१ साली पोर्तुगेजांनी तो महाल घेतला. आज प्रवासी दिचोलीकडे येतात ते ते देऊळ व जुने नमाजगाह पाहावयास. मातेउस यांच्या घराची चौकशी करीत कोणी येत नाही.

परंतु घर विसरले गेले तरी जी वाट पडली ती बुजली नाही. मातेउस यांच्यानंतर आदिलशाही मुलखावर कुस्तोदियो द पिन्यो या दुसऱ्या गोमंतकीयाची १६६९ साली नेमणूक झाली, आणि मातेउस यांचे पुतणे थोमास द कास्त्रो हेही बिशप झाले. १६५१ साली गोव्यात जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ साली मजुराच्या वेषाने सिंहलद्वीपात गेले, कारण तेथील डच सरकारने रोमन पाद्र्यांस बंदी केली होती. ते डच आमच्याच प्रॉटेस्टंट मताचे होते, हे आम्ही लपवीत नाही. जुलूम कोणत्याही पंथाच्या हातून होतो. वाझ यांच्यापाशी वाडा नव्हता, राजाचा आश्रय मागून मिळाला तो तुरुंगवासानंतर, आणि १७११ साली कँडी येथे मरेपर्यंत ते त्या लोकांची सेवा करीत राहिले. आणि ज्या गादीवरून मातेउस यांस नकार मिळाला, त्या गोव्याच्या आर्चबिशपांच्या गादीवर १९७८ साली राउल गोन्साल्विस हे गोमंतकीय गृहस्थ बसले. मधे सुमारे साडेतीनशे वर्षे गेली.

आमच्या बाजूसही हा प्रश्न सहज सुटला नाही. तरंगंबाडी येथे आरोन नावाच्या तमिळ बंधूस १७३३ साली दीक्षा मिळाली, तेव्हा या देशात प्रॉटेस्टंट मिशनचे काम सुरू होऊन सत्तावीस वर्षे झाली होती. अँग्लिकन मंडळीत पहिले हिंदी बिशप व्ही. एस. अझरिया यांची दीक्षा १९१२ साली झाली. कोल्हापुरात वाइल्डर साहेब १८५२ साली आले. या देशातील मिशनांत मिशनरींचा बंगला आणि देशी उपदेशकांची खोपटी यांमधील अंतर किती होते, हे आमच्या वडील मंडळींस माहीत होते. म्हणून गोव्याच्या वाड्याकडे बोट दाखविताना आम्ही आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे.

आणखी एका ठिकाणी पाहणे उरते. खेड्यातील मंडळीत, जेथे ना बिशप ना वाडा, तेथेही एखादा उपदेशक दुसऱ्या जातीतून आला म्हणून त्याच्या हातचे पाणी घेण्यास कोणी मागेपुढे पाहतो. एखादा हुशार मुलगा अमक्या वस्तीतला म्हणून त्यास शास्त्रपाठ वाचावयास उभे करीत नाहीत. असे जेथे घडते तेथे जुन्या गोव्याचा वाडा मातीच्या भिंतींनी पुन्हा बांधिला जातो. मातेउस यांस त्या वाड्याच्या दारातून परत जावे लागले, ही त्यांची व्यथा; आणि आपले स्वतःचे दार त्यांस सर्वांकरिता उघडता आले नाही, ही त्यांची उणीव. येत्या रविवारी उपासनेस जमल्यावर आपल्या मंडळीच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हे प्रत्येक वाचकाने एकदा वळून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.